आधी लाडू, मग पापड

परवा जेवताना आमच्या धाकट्याने विचारले, "बाबा, लाडू गोल आणि पापडही गोल. मग दोघे सारखे का नाहीत?" आता मी पडलो इतिहास शिकवणारा! आपल्या बोलीत 'गोल' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. पण मुलाचा हात फसत नाही. लाडू मुठीत भरतो, पापड तळहातावर पसरतो. जे शब्दाला सांगता आले नाही, ते हाताला आधीच कळले होते.

वाचकहो, मुलांना आकारांची ओळख कोणत्या टोकाकडून करून द्यावी, हा प्रश्न जुना आहे. युक्लिडाने आपला ग्रंथ बिंदूपासून सुरू केला. मग रेषा, मग सपाट आकृत्या. तेरा खंडांपैकी घनाकृतींची पाळी येते ती थेट अकराव्या खंडात. शास्त्राच्या मांडणीला हा क्रम शोभतो. पण चार वर्षांच्या मुलाने बिंदू कधी हातात धरला आहे काय?

ही शिडी उलटी लावली ती जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेलने. त्याचा जन्म १७८२ सालचा, थुरिंगिया प्रांतातला. तरुणपणी, १८१४ पासून, तो बर्लिनच्या खनिज-संग्रहालयात स्फटिक हाताळण्याचे काम करीत होता. पुढे १८३७ मध्ये त्याने ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी खेळांची साधने करायला घेतली, आणि १८४० मध्ये आपल्या शाळेला 'मुलांची बाग' या अर्थाचे नाव दिले: किंडरगार्टन.

त्याची साधने पाहा. प्रथम लोकरीचे रंगीत चेंडू. मग लाकडाचे तीन आकार: गोल, घन आणि वृत्तचिती. चेंडू घरंगळतो, ठोकळा बसून राहतो, आणि वृत्तचिती? ती आडवी केली तर घरंगळते, उभी केली तर बसते! दोघांच्या भांडणात ती मध्यस्थ. ठोकळा दोऱ्याला टांगून गरगर फिरवला, की त्यातच वृत्तचिती दिसू लागते. त्यानंतर एका घनाचे आठ छोटे घन. मग सपाट चौकोनी-त्रिकोणी पट्ट्या, मग काड्या, आणि शेवटी बिंदूच्या जागी बिया. कारण सोपे आहे. सपाट पृष्ठ एकटे कुठे भेटते? ते कुठल्या तरी वस्तूचे अंग असते. वस्तू हाती आल्यावरच ते अंग वेगळे पाहता येते.

आता या लाकडी ठोकळ्यांत भिण्यासारखे काय होते? पण १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. नास्तिकपणा आणि समाजवाद पसरवल्याचा ठपका होता, आणि त्यात फ्रोबेलच्या कार्ल नावाच्या पुतण्याच्या लेखनाचा त्याच्याशी घोटाळा झाला होता. १८५२ मध्ये फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० मध्ये; त्याला ते पाहायला मिळाले नाही.

कल्पना मात्र देशाबाहेर गेली होती. १८५६ मध्ये मार्गारेटे शुर्झ या बाईंनी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउनला किंडरगार्टन काढले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे ठोकळे पाहून एका आईने ते आपल्या मुलासाठी आणले. तो मुलगा म्हणजे पुढचा थोर वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. ते ठोकळे बोटांना आठवत राहिल्याचे तो म्हातारपणीही सांगे.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. महागडी विलायती साधने खेड्याला कुठून परवडणार? म्हणून त्यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधने घडवली. शहाणपण लाकडात नव्हते, क्रमात होते, हे त्यातून दिसले.

श्वाइना गावी फ्रोबेलची समाधी आहे. तिच्यावर खाली घन, मध्ये वृत्तचिती आणि वर गोल रचलेला आहे. तेव्हा आपल्या घरच्या छोट्यांना फळ्यावर वर्तुळ काढून दाखवण्यापूर्वी एवढे करा. लिंबू द्या, काडेपेटी द्या, डबा द्या. काडेपेटी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवू द्या. ती उचलली, की खाली उरतो तो आयत. त्याची व्याख्या मागाहून सांगितली तरी चालेल.