दुष्काळ आणि रानभाजी : मुंबई इलाख्यातील रानवनस्पतींच्या अन्नोपयोगाचा ऐतिहासिक अभ्यास (१८७६ ते १९०२)

प्रस्तावना :

अन्नाचा इतिहास बहुधा पिकांचा, बाजारभावांचा आणि जमीनमहसुलाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. न पेरता उगवणाऱ्या अन्नावर सारा बसत नव्हता. त्यामुळे महसुली दप्तरात त्याला सहसा स्थान मिळाले नाही. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत मुंबई इलाख्यात भीषण दुष्काळ पडले आणि रानवनस्पती प्रथमच शासकीय लेखनाचा विषय झाल्या. याच काळात जंगल कायद्याने त्यांच्याकडे जाण्याची वाट अरुंद केली. या दोन घटनांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रानभाज्यांचे लोकज्ञान :

सह्याद्रीच्या पट्ट्यातील ठाकर, कातकरी, महादेव कोळी या समाजांत तसेच देशावरील शेतकरी कुटुंबांत रानभाजी हे ऋतुमानानुसार येणारे नित्याचे अन्न होते. पहिल्या पावसानंतर शेवळे, टाकळा, फोडशी; पुढे कुरडू, भारंगी, करटोली; तर शेतात व बांधावर घोळ, तांदुळजा आणि पाथरी असा हा क्रम होता. युरोपात डँडेलियन नावाच्या रानटी वनस्पतीची कोवळी पाने खुडून खाल्ली जातात. दख्खनच्या शेतांतील पाथरी ही त्याच कुळातील आहे. जमिनीलगत पसरलेला पानांचा झुपका, खुडताच पाझरणारा पांढरा चीक आणि पिवळी फुले या खुणांवरून ती ओळखली जाते.

हे ज्ञान केवळ नावांचे नव्हते. टाकळा कोवळा असतानाच खुडावा. कुरडूचे शेंडे घ्यावेत, मूळ उपटू नये, म्हणजे पुन्हा फुटवा येतो. शेवळ्याने घशाला खाज सुटते म्हणून ते काकडाच्या आंबट फळांसह शिजवावे. कडूकंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकळून वाहत्या पाण्यात धुतल्याविना खाऊ नयेत, असे त्याचे स्वरूप होते. ओळख, खुडणी आणि शिजवणी या तिन्ही पायऱ्यांचे हे ज्ञान प्रामुख्याने स्त्रियांकडे होते आणि ते आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जात असे. त्याला लिखित आधार नव्हता. प्रत्यक्ष रानात जाणे हीच त्याची शाळा होती.

१८७६-७८ चा दुष्काळ :

१८७६ मध्ये पाऊस हुकला आणि सोलापूर, विजापूर, अहमदनगर, सातारा, पुणे या जिल्ह्यांत हाहाकार उडाला. १८७७ च्या प्रारंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने दुष्काळी कामावरील पुरुष मजुराची मजुरी रोजच्या एक पौंड धान्याच्या किमतीवर व थोड्या रोख रकमेवर आणण्यात आली. या कपातीविरुद्ध मजुरांनी कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. महात्मा जोतीराव फुले व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालविले.

अशा वेळी माणसे रानाकडे वळली. परंतु येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. पालेभाजी पावसावरच उगवते. पाऊस नसेल तर टाकळाही नसतो. उरतात ते कंद, बिया आणि साली. त्यांतील अनेक विषारी असून ते निर्विष करण्यास भरपूर पाणी, सरपण आणि वेळ लागतो. दुष्काळात नेमक्या याच गोष्टींची वाण असते. शिवाय मैदानी प्रदेशातील कुणब्यास डोंगरातील कंदाची पारख असतेच असे नाही. म्हणून ‘रान आहे तोवर माणूस मरत नाही’ ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. रानाने आधार दिला, पण तो ज्यांच्याकडे ज्ञान होते आणि रान जवळ होते त्यांनाच अधिक मिळाला.

नोंदींचे युग :

दुष्काळानंतर १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या. याच काळात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरील पंचविसावा खंड १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मूळचे गोमंतकीय असलेले वैद्यक व्यावसायिक डॉ. जुझे कामिल लिस्बोआ यांनी इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींचे विस्तृत विवेचन केले. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. त्यानंतर १९०२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जी. ए. गॅमी यांनी इलाख्यात दुष्काळात व टंचाईत वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींवर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले.

या नोंदींचे मोल मोठे आहे. तथापि त्यांतील वर्गीकरण तटस्थ नाही. जी भाजी ठाकराच्या घरी दर आषाढात शिजत होती, ती कागदावर ‘दुष्काळी अन्न’ ठरली. नित्याचे अन्न आपत्तीचे अन्न झाले आणि त्याबरोबर खाणाऱ्याच्या माथी दारिद्र्याचा शिक्काही बसला. नोंदींत वनस्पतीचे शास्त्रीय नाव आले. ती ओळखून शिजविणाऱ्या स्त्रीचे नाव मात्र आले नाही.

जंगल कायदा आणि हक्काचा प्रश्न :

दुष्काळाची धग निवलेली नसतानाच १८७८ चा भारतीय वन कायदा अमलात आला. राखीव जंगलातून परवानगीविना वनोपज गोळा करणे गुन्हा ठरले. पाने, फुले व फळे यांचाही वनोपजात समावेश होता. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये नेमकी हीच व्यथा मांडली. थोड्या जमिनीचा शेतकरी पूर्वी डोंगरातील फळे, फुले व पाने यांवर गुजराण करीत असे आणि जंगलखात्याने तो आधार काढून घेतला, असा त्यांचा आक्षेप होता. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वाढत्या असंतोषामुळे सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. म्हणजेच एका खात्याने दुष्काळात खाता येतील अशा वनस्पतींच्या याद्या करावयाच्या आणि दुसऱ्या खात्याने त्या जिथे उगवतात ते रान राखून ठेवावयाचे, अशी ही विसंगती होती.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, रानभाजीचा इतिहास हा वनस्पतीइतकाच हक्काचा इतिहास आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कंदमुळांसह गौण वनोपजावरील वननिवासींचा हक्क मान्य केला. अलीकडच्या काळात महाराष्ट्रात रानभाजी महोत्सवही भरविले जाऊ लागले आहेत. ही वाटचाल स्वागतार्ह आहे. परंतु यादी म्हणजे ज्ञान नव्हे. कडूकंद कोणता हे पुस्तक सांगू शकेल. तो किती पाण्यांतून धुवावा हे आजही डोंगरातील वृद्ध स्त्रीच नेमके सांगू शकते. तिच्या स्मृतीची नोंद तिच्या नावासह होणे, हे प्रादेशिक इतिहासलेखनापुढील निकडीचे कार्य आहे.