काठीवरच्या खाचांपासून उपग्रहापर्यंत

तोडलेले जंगल पुन्हा वाढते आहे का, हे मोजून ठरवण्याची शिस्त भारतीय वनखात्यात ब्रह्मदेशातील सागवानामुळे आली. १८५६ मध्ये डीट्रिख ब्रँडिस तिथल्या पेगूच्या जंगलांचे अधीक्षक झाले. ते हत्तीवरून रान पालथे घालत. भर पावसात कागद टिकत नसे, म्हणून खोडाच्या घेराच्या चार वर्गांसाठी ते चार लहान काठ्या बाळगत. वाटेच्या दोन्ही अंगांना सागाचे झाड दिसले, की त्या-त्या वर्गाच्या काठीवर चाकूने एक खाच. संध्याकाळी खाचा मोजल्या, की मोठी झाडे किती आणि त्यांची जागा घेणारी तरणी किती, हे कळे. एका वर्गातून पुढच्या वर्गात जायला झाडाला किती वर्षे लागतात, यावरून दरसालच्या तोडीची मर्यादा ठरे.

१८६४ मध्ये ब्रँडिस भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि अशा मोजणीवर आधारलेल्या कार्य आयोजना पुढे सर्वत्र रूढ झाल्या. मात्र त्या एकेका वनविभागापुरत्या असत. देशभराचा हिशेब फार उशिरा सुरू झाला. १९६५ मधील वनसंपत्ती सर्वेक्षण प्रकल्पातून १९८१ मध्ये डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उभी राहिली. तिचा पहिला अहवाल १९८७ मध्ये आला, त्यानंतर साधारण दर दोन वर्षांनी अहवाल निघू लागले.

पहिल्या अहवालात वनाच्छादन ६,४०,८१९ चौरस किलोमीटर होते, २०२३ च्या अहवालात ते ७,१५,३४३ झाले. पण ही सगळी वाढ नव्या जंगलाची नव्हे. हे आकडे उपग्रहचित्रांवरून केलेल्या नकाशांतून येतात आणि सुरुवातीच्या नकाशात ४०० हेक्टरहून लहान वन दिसतच नसे. २००१ पासून एक हेक्टरचा तुकडाही टिपला जातो. शिवाय किमान १० टक्के छत्र असलेली वृक्षांची कोणतीही जमीन वनाच्छादनात धरतात. त्यामुळे कोकणातील आंबा-काजूच्या बागाही त्यात येतात.

उपग्रहाला झाडांचे छत्र दिसते, त्याखालची रोपे दिसत नाहीत. नैसर्गिक पुनरुत्पत्ती मोजायची तर जमिनीवर ठरावीक मापाचे चौकोन आखावे लागतात. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर फीत लावून मोठ्या झाडांचा घेर घ्यावा लागतो. बियांपासून आलेली रोपे आणि खुंटाला फुटलेले धुमारे वेगवेगळे मोजावे लागतात. मोठ्या झाडांखाली रोपे नसतील, तर नकाशावर हिरवे दिसणारे ते जंगल म्हातारे होत चाललेले असते.