केशवराव भोसले नाट्यगृह, कोल्हापूर

(पूर्वीचे पॅलेस थिएटर). कोल्हापूर शहरातील संस्थानकालीन नाट्यगृह. राजर्षी शाहू महाराजांनी ते 1913 ते 1915 या काळात बांधविले. पाठीला पाठ लावून खासबाग कुस्ती मैदान आहे. तेही महाराजांनीच उभारलेले. 1902 च्या युरोप दौऱ्यात पाहिलेल्या रोममधील प्रेक्षागारांवरून त्यांना मैदानाची कल्पना सुचली, असे सांगतात. नाटक आणि कुस्ती यांना असा शेजार देणारा राजा विरळाच.

आरंभीचे नाव पॅलेस थिएटर. तो संगीत नाटकांच्या भरभराटीचा काळ होता आणि ध्वनिक्षेपक नसल्याने गायकनटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या बळावर पोहोचावा लागे. दगडी भिंतींच्या या वास्तूची खरी कीर्ती त्या आवाजाला मिळणाऱ्या साथीमुळे झाली.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले. पुढे राजवाड्याची आठवण सांगणारे नाव जाऊन एका नटाचे नाव आले, हा बदल अतिशय उचित होय. संगीतसूर्य केशवराव भोसले (1890–1921) कोल्हापूरचेच. गरिबीमुळे बालवयातच ते नाटक कंपनीत गेले. ‘शारदा’ नाटकातील भूमिकेने त्यांना नाव मिळवून दिले आणि 1908 मध्ये त्यांनी हुबळीला ललितकलादर्श नाटक मंडळी स्थापन केली. जुलै 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या संयुक्त प्रयोगात त्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी एकत्र आली. त्यानंतर काही महिन्यांतच, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले.

महानगरपालिकेकडे आलेल्या या नाट्यगृहात व्यावसायिक नाटकांबरोबर राज्य नाट्य स्पर्धा, मैफली, सभा आणि स्नेहसंमेलनेही होऊ लागली. कोल्हापुरातल्या हौशी कलावंतांच्या कितीतरी पिढ्या याच रंगमंचावर घडल्या. वास्तूचे हे कार्य राजाश्रयाच्या काळाहून कमी मोलाचे नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, लागलेल्या भीषण आगीत रंगमंच, प्रेक्षागृह आणि छत जळून गेले. मनुष्यहानी झाली नाही आणि दगडी भिंती बऱ्याच अंशी तग धरून राहिल्या. शहरातील कलावंत त्या रात्री तेथे जमून रडले. नाट्यगृह होते तसेच उभे राहावे, ही मागणी लगेच पुढे आली आणि शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. नव्या बांधणीत आसने, प्रकाशयोजना आणि अग्निसुरक्षा आधुनिक असावीच. मात्र माइकाविना शेवटच्या रांगेत पोहोचणारा आवाज जपला, तरच ती पुनर्बांधणी म्हणावी.