कलासंस्था चालवणाऱ्यांचा गौरव : पडद्यामागच्या कामाची पारख कशी होते?

नाटक रंगलं की टाळ्या नटाला मिळतात. मैफल जमली की नाव गायकाचं होतं. पण नाट्यगृहाची तारीख कोणी मिळवली, भाड्याचे पैसे कुठून आले, तालमीला जागा कोणी दिली, हे प्रेक्षकाला सहसा माहीत नसतं. मराठी व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत 'सूत्रधार' म्हणून एक नाव छापलेलं असतं. प्रयोगांची जुळवाजुळव करणारा तो माणूस. जाहिरात वाचणारे बहुतेक जण या नावावरून पुढे निघून जातात.

कलेसाठी पुरस्कार पुष्कळ आहेत. मग कलासंस्था उत्तम चालवणाऱ्यांचं काय? त्यांच्या कामाची दखल घेतली जाते का, आणि कोणत्या निकषांवर?

कलासंस्थेचं व्यवस्थापन म्हणजे नेमकं काय?

साध्या शब्दांत सांगायचं तर कलाकार आणि प्रेक्षक यांची गाठ पुन्हा पुन्हा घालून देणं. त्यात पैसा उभा करणं, हिशेब ठेवणं, जागा सांभाळणं, कार्यक्रम ठरवणं, नवी माणसं तयार करणं हे सगळं येतं.

कारखान्याचं यश नफ्यात मोजता येतं. कलासंस्थेचं तसं नसतं. तिकीटबारीवर गर्दी खेचणारं नाटक चांगलंच असेल असं नाही, आणि उत्तम प्रायोगिक नाटकाला पन्नासच प्रेक्षक येऊ शकतात. त्यामुळे इथे गुणवत्ता ओळखणं अवघड होतं.

भाजी द्या, नाटक बघा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात अ‍ॅबिंग्डन नावाचं एक छोटं गाव आहे. १९३३ साली, महामंदीच्या काळात, रॉबर्ट पोर्टरफिल्ड या नटाने तिथे 'बार्टर थिएटर' सुरू केलं. लोकांच्या हातात रोख पैसा नव्हता, शेतात मात्र माल होता. म्हणून तिकिटाचा दर ठरला ४० सेंट किंवा तेवढ्या किमतीचा शेतमाल. भाजीपाला, दूध, अंडी घेऊन लोक नाटकाला येऊ लागले. नटांना खायला मिळालं आणि गावाला नाटक.

१९४८ साली या थिएटरला प्रादेशिक रंगभूमीसाठीचा टोनी पुरस्कार मिळाला. टोनी हा अमेरिकी रंगभूमीवरचा सर्वात मानाचा पुरस्कार. पुढे १९७६ पासून न्यूयॉर्कबाहेरच्या नाट्यसंस्थेला हा सन्मान नियमित दिला जाऊ लागला. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे तो एखाद्या नाटकाला किंवा नटाला मिळत नाही. तो संपूर्ण संस्थेला, तिच्या दीर्घकाळच्या कामासाठी मिळतो.

हेग्गोडू : सुपारीच्या बागांमधलं नाट्यगृह

भारतातलं सर्वात बोलकं उदाहरण कर्नाटकातलं आहे. शिवमोगा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. १९४९ साली तिथे गावकऱ्यांनी श्री नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ स्थापन केला. हाच पुढे 'नीनासम' या नावाने ओळखला गेला. के. व्ही. सुब्बण्णा हे त्याचे प्रमुख शिल्पकार. ते लेखक, अनुवादक आणि स्वतः सुपारीचे बागायतदार.

या संस्थेची वाढ टप्प्याटप्प्याने झाली. १९५७ साली 'अक्षर प्रकाशन' निघालं. १९७० च्या दशकात गावात नाट्यगृह उभं राहिलं. १९७३ साली फिल्म सोसायटी सुरू झाली आणि शेतकरी जागतिक दर्जाचे चित्रपट पाहू लागले. १९८० साली नाट्यप्रशिक्षण संस्था निघाली. १९८५ साली 'तिरुगाट' ही फिरती नाटक मंडळी सुरू झाली. ती दरवर्षी नवी नाटकं बसवून कर्नाटकभर दौरा करते.

या क्रमात व्यवस्थापनाचं मर्म आहे. आधी वाचक आणि प्रेक्षक घडले, मग शिक्षण आलं, आणि शिकून तयार झालेल्यांना काम मिळावं म्हणून फिरती मंडळी आली. प्रत्येक पायरीने पुढच्या पायरीला आधार दिला.

१९९१ साली सुब्बण्णांना पत्रकारिता, साहित्य आणि सर्जनशील संवादकला या विभागात रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ग्रामीण कर्नाटकात उत्तम चित्रपट आणि जिवंत रंगभूमी पोहोचवल्याबद्दल तो देण्यात आला. म्हणजे गौरव झाला तो एका नाटकाचा नाही, तर एका गावात कला रुजवण्याच्या कामाचा. २००५ साली सुब्बण्णा गेले. त्यानंतरही नीनासमचं काम चालू राहिलं.

महाराष्ट्रात काय दिसतं?

मुंबईत 'आविष्कार' ही नाट्यसंस्था १९७१ साली सुरू झाली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे ही तिच्यामागची प्रमुख नावं. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात तिने प्रायोगिक नाटकांना हक्काची जागा मिळवून दिली. त्यातून जे घडलं ते 'छबिलदास चळवळ' म्हणून ओळखलं जातं. शाळेचं एक सभागृह मिळवणं आणि टिकवणं हे कागदावर किरकोळ काम. पण ते झालं नसतं तर अनेक नाटकांना रंगमंचच मिळाला नसता. १९८७ साली अरविंद देशपांडे गेले, पुढे छबिलदासची जागाही सुटली, तरी संस्था चालत राहिली. काकडे २०१९ साली जाईपर्यंत तिच्याशी जोडलेले होते.

जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ साली सुरू झालं. ते अनेक वर्षं सांभाळणाऱ्या संजना कपूर यांना २०२० साली फ्रान्स सरकारने कला आणि साहित्य क्षेत्रासाठीचा 'शेव्हेलिए' हा किताब दिला.

पारख करताना काय पाहावं?

या उदाहरणांमधून काही कसोट्या हाती लागतात.

• सातत्य : संस्था किती वर्षं चालली, आणि अडचणीच्या वर्षांत तिने काय केलं.
• पैशाचा चोखपणा : हिशेब उघड आहे का, कलाकारांचं आणि तंत्रज्ञांचं मानधन वेळेवर मिळतं का.
• नवे प्रेक्षक : जे आधी येत नव्हते ते येऊ लागले का.
• नव्यांना संधी : अनोळखी लेखक-दिग्दर्शकाला दार उघडं आहे का.
• उत्तराधिकार : संस्थापक नसताना संस्था उभी राहते का.

शेवटची कसोटी सर्वात कठीण. अनेक संस्था एकाच माणसाच्या खांद्यावर उभ्या असतात. तो थकला की तालमीची जागा जाते, कागदपत्रं विखुरतात आणि पाच-सात वर्षांत नावच उरतं.

पुरस्कारांची मर्यादा

पुरस्कार बहुतेक वेळा एका व्यक्तीला मिळतो, काम मात्र अनेकांचं असतं. शिवाय तो सहसा उशिरा, कारकिर्दीच्या शेवटी मिळतो. कलासंस्थेला खरी गरज असते ती मधल्या वर्षांत, भाडं थकलेलं असताना. टोनीसारखा संस्थेला मिळणारा सन्मान आणि त्यासोबत येणारं अनुदान म्हणूनच महत्त्वाचं ठरतं. त्याने पुढचं काम सोपं होतं.

संस्थेच्या कामाची दखल घेण्यासाठी प्रेक्षकाला परीक्षक व्हावं लागत नाही. तिकीट काढून जाणं, वार्षिक सभासद होणं आणि जाहिरातीतलं 'सूत्रधार' हे नाव एकदा नीट वाचणं, ही त्याची सुरुवात आहे.