लेसर उपचार : नीतिविषयक प्रश्न

लेसर किरणांनी रोग बरा करताना अथवा शरीराचे रूप पालटताना उद्‌भवणारे कर्तव्य, संमती व न्याय यांविषयीचे प्रश्न. अमेरिकन भौतिकीविज्ञ थीओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाचा पहिला लेसर कार्यान्वित केला. १९६१ मध्ये न्यूयॉर्क येथे डोळ्याच्या जालपटलावरील अर्बुद लेसरने नष्ट करण्यात आले. लीऑन गोल्डमन यांनी १९६३ च्या सुमारास त्वचेवरील परिणाम अभ्यासले. १९८३ मध्ये अँडरसन व पॅरिश यांनी असे दाखविले की, योग्य तरंगलांबीचा अत्यल्पकालीन स्पंद इष्ट रंगद्रव्यासच प्रामुख्याने तापवितो. यातूनच गोंदण, डाग व केस काढण्याचे उपचार रूढ झाले.

दृष्टी वाचविण्यासाठी पत्करलेला धोका आणि निव्वळ रूपासाठी पत्करलेला धोका समान नव्हेत. उपचाराची निकड जितकी कमी, तितके माहिती देण्याचे बंधन अधिक, हे येथील मुख्य तत्त्व होय. पुण्यातील एका उपचारातून उद्‌भवलेल्या जोशी विरुद्ध गोडबोले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रुग्ण स्वीकारणे, उपचार ठरविणे व तो करणे या तिन्ही टप्प्यांवर वैद्याने काळजी घेणे बंधनकारक मानले. समीरा कोहली खटल्यात (२००८) उपचाराचे स्वरूप, पर्याय व मोठे धोके समजून दिलेली संमतीच ग्राह्य ठरली. २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांनी वैद्याने रुग्ण मिळविण्यासाठी जाहिरात करणे निषिद्ध ठरविले.

खानदेशात हा प्रश्न गोंदणाच्या संदर्भात स्पष्ट होतो. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पश्चिम भागात भिल्ल, कोकणा, मावची इ. जमातींची वस्ती असून भिल्लांत गोंदणाची जुनी परंपरा आहे. गोंदणाच्या काळ्या रंगाप्रमाणे सावळ्या त्वचेतील कृष्णरंजकही प्रकाश शोषते. त्यामुळे भाजणे, पांढरे वा काळे डाग व वण यांचा धोका वाढतो. शिवाय उपचार अनेक बैठकींचा व खर्चिक असतो. सैन्यभरतीच्या आशेने गोंदण काढू इच्छिणाऱ्या आदिवासी तरुणाबाबत आणखी एक कर्तव्य उरते : जमातीच्या रूढीनुसार असलेल्या गोंदणास भरतीनियमांत सवलत असल्याचे वैद्याने त्यास प्रथम सांगितले पाहिजे. अहिराणी वा भिली बोलणाऱ्याकडून न समजलेल्या छापील पत्रावर अंगठा घेणे ही संमती नव्हे. उपचाराची गरजच नसल्यास तसे सांगणे, हाही वैद्यकीय सेवेचाच भाग होय.