प्रवाळांचे घरगुती मत्स्यालय आणि घरातील दूषके

जिवंत प्रवाळ, सागरी मासे, कोळंबी आणि गोगलगायी यांना एकत्र नांदवणारी खाऱ्या पाण्याची काचपेटी म्हणजे प्रवाळ-मत्स्यालय. समुद्रात मिसळलेले विष अथांग पाण्यात विरळ होते. शे-दोनशे लिटरच्या पेटीत ते तिथेच फिरत राहते. त्यामुळे माणसाला निरुपद्रवी वाटणाऱ्या अनेक घरगुती वस्तू या जिवांना घातक ठरतात. त्यांचा शिरकाव मुख्यतः चार वाटांनी होतो.

पाणी : नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, फॉस्फेट, नायट्रेट आणि नळजोडांतून उतरलेले धातूही असू शकतात. म्हणून सागरी मीठ कालवण्यासाठी आणि बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरून काढण्यासाठी आरओ व त्यापुढील डीआय गाळणीतून आलेले पाणीच वापरावे. टीडीएस मापकावर त्याचे वाचन शून्य यायला हवे. स्वयंपाकघरातील जलशुद्धीकरण यंत्रावर विसंबू नये. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून त्यात क्षार राखले जातात आणि काही यंत्रे तर तांबेही मिसळतात. तांब्याचे भाग असणाऱ्या गीझरचे पाणीही वर्ज्य मानावे.

धातू : तांब्याच्या भांड्यातील पाणी आपल्याकडे आरोग्यदायी मानले जाते, अपृष्ठवंशीय सागरी जिवांना मात्र तांबे हे विष आहे. माशांच्या परजीवी रोगांवर लिटरमागे सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम आयनिक तांबे वापरतात. एवढी मात्रा कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांचा बळी घेऊ शकते. शिवाय खडक व वाळूत शोषले गेलेले तांबे पुढे हळूहळू पाझरत राहते. म्हणून आजारी माशावरील उपचार नेहमी वेगळ्या टाकीत करावेत. पाणी भरण्यासाठी तांब्या-पितळेची वा जस्ताचा मुलामा दिलेली भांडी घेऊ नयेत. खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची एक बादली केवळ याच कामासाठी राखून ठेवावी.

हवा : हवेचा पंप आणि प्रोटीन स्किमर ही साधने खोलीतील हवा ओढून तिचे बुडबुडे पाण्यात मिसळतात. खोलीत फवारलेले द्रव्य अशा रीतीने थेट पेटीत पोहोचते. डास व झुरळ मारण्याच्या अनेक औषधांतील पायरेथ्रॉइड वर्गाची रसायने मासे आणि कवचधारी जिवांना अत्यंत विषारी असतात. पेटी असलेल्या खोलीत फवारे, कॉइल वा डासांचे द्रवरूप औषध वापरू नये. जाळी आणि मच्छरदाणी हेच पर्याय उत्तम. चतुर्थीपूर्वी घराची रंगरंगोटी करताना विशेष दक्षता हवी : पेटी झाकावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि हवेची नळी शक्य असल्यास बाहेरून घ्यावी. प्राणवायू कमी पडू नये म्हणून पाण्याचे अभिसरण मात्र चालू ठेवावे.

हात : साबण, मलम, सनस्क्रीन, अत्तर यांचे अंश हातांवरून पाण्यात उतरतात. पेटीत हात घालण्यापूर्वी ते नुसत्या पाण्याने खळखळून धुवावेत किंवा पावडर नसलेले लांब हातमोजे घालावेत. हातमोजे आपल्यासाठीही आवश्यक आहेत, कारण झोअँथिड गटातील काही प्रवाळसदृश जिवांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. काच पुसण्याचा द्रव काचेवर फवारू नये. पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके पुरते.

धोक्याची लक्षणे : कोळंबी अचानक मरणे, गोगलगायी काचेवरून गळून पडणे आणि प्रवाळांचे सर्व पॉलिप एकाच वेळी मिटणे ही विषबाधेची लक्षणे असू शकतात. अशा वेळी दूषकाचा स्रोत तत्काळ दूर करावा, आधीच तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने पेटीतील बरेचसे पाणी बदलावे आणि गाळणीत ताजा सक्रिय कोळसा भरावा. कोळसा सेंद्रिय रसायने शोषतो. तांब्यासाठी धातू शोषणारे वेगळे माध्यम लागते. असे पाणी आणि कोळसा घरात कायम शिल्लक असावा, कारण संकटाच्या वेळी पाणी गाळून मीठ कालवण्याइतकी उसंत मिळत नाही.