सूर्याच्या आडून आलेली खरखर

मार्गशीर्षाची थंडी पडूं लागली म्हणजे आपल्या पंचांगांत धनु-संक्रांतीची नोंद येते आणि सूर्य मूळ नक्षत्रांत प्रवेश करतो. या नक्षत्राविषयीं आपल्याकडे थोडीथोडकी धास्ती नाहीं. मूळ नक्षत्रावर मूल जन्मलें कीं घरांतील वडील माणसें शांतीचा विचार करूं लागतात. नेमक्या याच नक्षत्राच्या परिसरांत आपल्या आकाशगंगेचें केंद्र आहे, असें आधुनिक ज्योतिःशास्त्र सांगतें. दर वर्षीं १८-१९ डिसेंबरच्या सुमारास पृथ्वी, सूर्य आणि हें केंद्र जवळजवळ एका रेषेंत येतात. या योगानें घडतें तरी काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचें उत्तर फलज्योतिषाच्या पोथींत नसून नभोवाणीच्या इतिहासांत आहे. आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या कल्याणपर्यंत येऊन पोंचतो.

प्रथम ‘जवळजवळ’ या शब्दाचा खुलासा करूं. सूर्य या केंद्राच्या अगदीं समोरून कधींच जात नाहीं. त्याच्या उत्तरेस सुमारें साडेपांच अंशांवरून तो पुढें सरकतो. शिवाय सूर्याचा प्रकाश आपणांस सुमारें आठ मिनिटांत मिळतो, तर केंद्राकडून निघालेल्या किरणास येथें येण्यास सुमारें २६,००० वर्षें लागतात. मोहन्यास उल्हास नदीच्या कांठीं उभ्या असलेल्या माणसाला जवळचा विजेचा खांब आणि दूरचा तारा एका रेषेंत दिसले, म्हणून खांबाचें आणि ताऱ्याचें कांहीं नातें जडत नाहीं. या योगाचीहि गोष्ट तीच. २१ डिसेंबर २०१२ या दिवशीं अशाच एका योगानें जगबुडी होणार, अशी हूल देशोदेशीं उठली होती. वस्तुतः उत्तरायणारंभींचा सूर्य आकाशगंगेच्या मध्यरेषेवर येण्याचा क्षण गणितानें १९९८ च्या सुमारासच येऊन गेला होता. अयनचलनाची गति एका अंशास सुमारें ७२ वर्षें इतकी मंद असल्यामुळें त्यांत एका विशिष्ट दिवसाचें महत्त्व मुळींच नव्हतें.

तरीपण या योगानें एकदां एका माणसाला खरोखरच चकविलें, आणि त्या चकव्यांतून एक नवें शास्त्र जन्मास आलें. तीच हकीकत आतां ऐकावी.

अमेरिकेंत बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत कार्ल जान्स्की नांवाचा एक तरुण अभियंता होता. अटलांटिक महासागरापलीकडे चालणाऱ्या बिनतारी संभाषणांत जी खरखर येते, तिचा उगम शोधावा, एवढेंच त्याचें काम. त्यासाठीं त्यानें न्यू जर्सी राज्यांतील होल्मडेल येथें सुमारें ३० मीटर लांबीचें एक एरिअल उभारलें आणि तें फोर्ड मोटारीच्या चाकांवर बसविलें. हें एरिअल दर २० मिनिटांस एक फेरा घेई. जान्स्कीला तीन प्रकारचे आवाज आढळले: जवळच्या वादळांचा कडकडाट, दूरच्या वादळांची खरखर, आणि तिसरा एक मंद, अखंड ‘सूं सूं’ असा आवाज. हा तिसरा कोठून येतो तें कळेना. १९३१ च्या अखेरीस पाहावें, तों आवाजाची दिशा सूर्याच्या दिशेशीं बहुतेक जुळे. सूर्य उगवतांना तो पूर्वेस आणि मावळतांना पश्चिमेस. मग हा आवाज सूर्याचाच, असें कोणालाहि वाटलें असतें. जान्स्कीलाहि प्रथम तसेंच वाटलें.

परंतु तो तेथेंच थांबला नाहीं. महिन्यामागून महिने तो नोंदी करीत राहिला. तेव्हां आवाज दिवसाला सुमारें चार मिनिटें आधीं येऊं लागल्याचें दिसलें. महिन्याकांठीं हें अंतर दोन तासांचें झालें. आपल्या पंचांगकर्त्यांना ही चार मिनिटें चांगलीं परिचित आहेत. नाक्षत्र दिवस सौर दिवसाहून तितकाच लहान असतो. वर्षाचा फेरा पुरा झाला आणि तो आवाज पुन्हा सूर्याजवळ येऊन ठेपला. तेव्हां निष्कर्ष एकच उरला: उगम सूर्यांत नाहीं, तो ताऱ्यांमध्यें एका जागीं स्थिर आहे, आणि ती जागा म्हणजे धनु राशींतील आकाशगंगेचें केंद्र. १९३३ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत अमेरिकन नभोवाणीनें हा ताऱ्यांचा आवाज आपल्या श्रोत्यांना प्रत्यक्ष ऐकविलाहि. त्याचें निरीक्षण डिसेंबरऐवजीं जूनमध्यें सुरू झालें असतें, तर सूर्याचा संशय आलाच नसता!

महायुद्धानंतर हें शास्त्र ऑस्ट्रेलियांत भरभराटीस आलें. सिडनीजवळील पॉट्स हिल येथें पिडिंग्टन आणि मिनेट या दोघां शास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं केंद्राच्या दिशेस असलेला एक तेजस्वी रेडिओ-उगम निश्चित केला. त्याच पॉट्स हिलवर सूर्याचे वेध घेण्यासाठीं ३२ लहान तबकड्या रांगेनें मांडलेल्या होत्या. तेथें कांहीं काळ शिकावयास गेलेले गोविंद स्वरूप यांच्या मनांत त्या तबकड्या भरल्या. ऑस्ट्रेलियानें त्या भारताला दिल्या. स्वरूप १९६३ मध्यें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रुजू झाले आणि १९६५ सालीं सुमारें १.८ मीटर व्यासाच्या त्या ३२ तबकड्या कल्याण येथें उभ्या राहिल्या. तबकड्यांची ही रांग म्हणजे भारतांतील या जातीची पहिली मोठी दुर्बीण. तिचें लक्ष्य होतें सूर्य.

आगगाडीचें जंक्शन आणि गिरण्या-कारखान्यांचा मुलूख म्हणून ज्या कल्याणची ओळख, तेथें भारतीय रेडिओ-ज्योतिषानें पहिलें पाऊल टाकलें, हें आज कल्याणकरांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. येथें हात बसलेल्या मंडळींनींच पुढें उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली. ती १९७० सालीं कामास लागली. त्यानंतर नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड दुर्बीण झाली. कल्याणहून मुरबाडवरून माळशेज घाट चढून जाणारी वाट त्याच मुलखांत पोंचते. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या खोडदच्या वेधांत आकाशगंगेच्या गाभ्यांतील उगमाचा माग ५८० मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर लागला. त्या गाभ्यांत सुमारें ४० लक्ष सूर्यांच्या वस्तुमानाचें कृष्णविवर आहे, आणि त्याचें पहिलें चित्र १२ मे २०२२ रोजीं जगानें पाहिलें.

श्रोतेहो, डिसेंबरांतील तो योग दर वर्षीं येतो आणि जातो. तो आपलें बरेंवाईट करीत नाहीं. मात्र दोन गोष्टी एका रेषेंत दिसल्या म्हणून त्यांतील एक दुसरीचें कारण ठरवावी, हा मोह तो प्रत्येकाला घालतो. मूळ नक्षत्रावरील बालकास दोष देणाराहि त्याच मोहांत सांपडतो. जान्स्की त्यांतून सुटला, तो विशेष बुद्धीनें नव्हे, तर वर्षभर दररोज पाहत राहिल्यामुळें.

वैशाखाच्या अखेरीस उत्तररात्रीं आभाळ निरभ्र असतां मोहन्याच्या नदीकांठीं दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. विंचवाची नांगी ओळखा. तेंच मूळ नक्षत्र. तिच्या किंचित डावीकडे, क्षितिजापासून सुमारें ४२ अंशांवर तें केंद्र येतें. डोळ्यांना तेथें कांहींच दिसणार नाहीं. परंतु सूर्याच्या आड लपूनहि ज्यानें आपला आवाज पोंचविला, तें स्थळ हेंच, इतकें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.